दुधाचे पैसे, उसाचे पैसे

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. मामा-मामी कागलकडच्या गावाहून सकाळच्या एसटीनं बाजाराला आले होते आणि मी त्यांच्यासोबत फिरत होते. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर त्या दिवसांत आपण चालत नाही, गर्दी नेईल तिकडं जातो. पणत्यांचे ढीग, रांगोळीच्या रंगांची पोती, उटण्याचा वास, बाकड्यावर उभं राहून ‘शंभरला दोन, शंभरला दोन’ ओरडणारी पोरं. मामीला मिक्सर घ्यायचा होता. जुन्याची मोटर जळून वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून ती शेंगदाण्याचं कूट शेजारणीकडून करून आणत होती. दुकानात तिनं एकेक मिक्सर चालू करायला लावला, भांड्यात बोट घालून पात्याची धार बघितली, झाकणाचं रबर ओढून बघितलं. एक पसंत पडला. घासाघीस होऊन गाडी चार हजार तीनशेवर थांबली. मामीनं पदराआडून रुमालाची गाठ काढली, सोडली, नोटा मोजल्या. चार हजार भरले. परत मोजले, तेवढेच. मामा शेजारीच उभा होता. म्हणाला, “तीनशेच कमी हाईत न्हवं? मी मारतो की फोनवरनं.” मामी नोटा परत रुमालात गुंडाळत होती. म्हणाली, “नको. ते उसाचं हाईत.” काउंटरवरचा पोरगा पुढं झाला, “काकी, आज एक रुपया पण देऊ नका, शून्य टक्क्यावर हप्ते करून देतो.” मामीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. “मी पुढच्या बिलाला येतो की,” एवढं म्हणून ती पायरी उतरली.

तिथून आम्ही गुजरीत, सराफांच्या पेठेत गेलो. मामेबहिणीचं लग्न ठरलंय, तिच्यासाठी दोन तोळ्यांची ठुशी बघायची होती. पहिल्या पेढीवर मजुरी दोन टक्क्यांनी कमी होती, दुसऱ्या पेढीवरची घडण मामाच्या डोळ्यांत भरली. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलेला, त्यामुळं त्या दोन टक्क्यांचे चार हजारांच्या पुढं होत होते. मी मामाच्या कानात तसं सांगितलंही. “असू दे गं, लग्नाचं हाय,” तो म्हणाला, आणि पेढीवाल्यानं लाल मखमलीची डबी मिटली. मामीचा चेहरा उजळला होता. ठुशी हातात घेऊन तिनं मण्यांवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाली, “उठून दिसतीया न्हवं?”

तीनशे आणि चार हजार. एकाच दुपारी, एकाच घरातले.

मी उद्यमनगरात एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघते. माझ्या वहीत रुपयाला जात नसते. कास्टिंगच्या बिलातून आलेला रुपया आणि भंगार विकून आलेला रुपया एकाच खात्यात पडतो, तिथून विजेचं बिल जातं, पगार जातात. म्हणून ती दुपार मला छळत राहिली. माणसं पैसे कसे खर्च करतात यावर गेल्या पन्नासेक वर्षांत पुष्कळ संशोधन झालंय आणि गेली काही वर्षं मी ते जमेल तसं वाचत आलेय. एमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक साधा प्रश्न लोकांना विचारला होता. तुम्ही पंधरा डॉलरचा कॅल्क्युलेटर घेताय. दुकानदार सांगतो, वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या शाखेत तोच पाच डॉलरनं स्वस्त आहे. जाल का? शंभरातले अडुसष्ट जण जातो म्हणाले. मग दुसऱ्या गटाला विचारलं, वस्तू सव्वाशे डॉलरची आहे आणि तेच पाच डॉलर वाचतायत. जातो म्हणणारे एकोणतीस टक्क्यांवर आले. पाच डॉलर तेच, वीस मिनिटं तीच. आपण वाचणारी रक्कम नुसती बघत नाही, ती केवढ्या रकमेच्या शेजारी उभी आहे ते बघतो. चार हजारांच्या शेजारी तीनशे रुपये डोंगर होतात, आणि अडीच लाखांच्या शेजारी चार हजार दिसेनासे होतात. सोनं, लग्नाचा हॉल, घर, गाडी, जिथं आकडे मोठे तिथं आपण सगळ्यात ढिले असतो आणि भाजीवाल्या बाईशी पाच रुपयांसाठी ताणून धरतो. कपिलतीर्थ मंडईत मेथीच्या पेंडीवरून चाललेली हुज्जत ऐकली की मला हल्ली वाईट वाटतं, कारण त्या पाच रुपयांची खरी गरज कुणाला आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

पण यानं गुजरीचा उलगडा झाला, मिक्सरचा नाही. मामीला तीनशे रुपये जास्त वाटले नव्हते. तिला ते *त्या* खिशातून नको होते.

रिचर्ड थेलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९८५ साली यावर लिहिलं आणि पुढं २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या विचाराचा मोठा वाटा होता. माणसं मनात पैशाची वेगवेगळी खाती उघडतात आणि एका खात्यातला पैसा दुसऱ्याला लागू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पगाराचा पैसा वेगळा, बक्षिसाचा वेगळा, साठवलेला वेगळा. हिशेबाच्या दृष्टीनं हे चुकीचं, कारण रुपया शेवटी रुपयाच. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात हे नव्यानं सांगायची गरज नाही. इथं पैसा नाव घेऊनच घरात येतो. उसाचं बिल, दुधाचं बिल, सोयाबीनच्या पट्टीचं, भिशीचं, पेन्शनचं. कुणाच्या घरात नवीन ट्रॅक्टर दिसला की माणसं किंमत नंतर विचारतात, आधी ‘कशातनं घेतला?’ म्हणतात.

दुधाचे पैसे कसे येतात हे मी मामीकडं राहिले आहे तेव्हा जवळून बघितलंय. पहाटे पाचच्या आधी गोठ्यातला दिवा लागतो. ती म्हशीच्या पाठीवर थाप मारते, काहीतरी पुटपुटते, सडांना कोमट पाणी लावते. बादलीत पहिल्या धारेचा आवाज टणटण येतो, दूध वर चढेल तसा तो आवाज जड आणि मऊ होत जातो. किटली घेऊन ती संस्थेत जाते तेव्हा रस्त्यावर तिच्यासारख्याच किटल्या घेतलेल्या बायका असतात, डोक्यावरून पदर, थंडीत कानाला बांधलेला टॉवेल. माप होतं, फॅट लागते, चिठ्ठी येते. ती चिठ्ठी वाचताना तिच्या कपाळावर आठी पडते की सैल होते यावरून मला कळायचं आज फॅट किती लागली. संध्याकाळी परत तेच. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पेंडीचे पैसे वजा होतात, उरलं ते तिचं. तेल, साखर, पोरीची फी, दवाखाना, पाहुण्याच्या पोराच्या हातावर ठेवायची नोट, सगळं त्यातून. दिवाळीला दूध संघाकडून फरक मिळतो, वर्षभर घातलेल्या दुधावरचा. तो आता बँकेत जमा होतो. पण मामी बँकेत जाऊन तो काढून आणते, घरी देवापुढं ठेवते, मग रुमालात बांधते. मी एकदा म्हटलं, खात्यातच राहू दे की, चोरीची भीती नको. म्हणाली, “खात्यात असलं की सगळ्यांचं असतंय.”

उसाचा पैसा वेगळाच. तो येतो तोच लाखांत. कारखान्याला ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या रास्त दराची, रक्कम द्यावी असा कायदा आहे, आणि तो पाळला जावा म्हणून या भागातल्या शेतकऱ्यानं रस्त्यावर उतरून काय काय सोसलंय ते कुणाला सांगायला नको. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला मामा इतकी वर्षं जातोय. त्या पैशामागं लढाई आहे, कर्ज आहे, सोसायटीची वसुली आहे. म्हणून तो पैसा किरकोळीला हात लावू देत नाही. त्यातून विहिरीची मोटर येते, घराचा स्लॅब पडतो, लग्न होतं, सोनं येतं. मिक्सर त्यात बसत नाही.

आपल्या गावाला या बाबतीत हसणारे पुष्कळ आहेत, पण मला ते पटत नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर किलोला साडेपाचशेच्या पुढं गेला तेव्हा कोल्हापूर कसं उठलं होतं ते आठवतंय. पेठापेठांत बैठका, निवेदनं, आंदोलन, बंद दुकानं. बाहेरगावच्यांनी त्याची खूप गंमत केली. त्याच दिवसांत हीच माणसं पाहुणे आले की तांबड्या-पांढऱ्याच्या थाळीला हॉटेलात मागतील तेवढे पैसे देत होती, आणि त्या थाळीतल्या मटणाचा किलोचा हिशेब कुणी काढत नव्हतं. थेलरनीच असा प्रश्न विचारला होता. तुम्ही समुद्रकिनारी पडलाय, मित्र थंडगार बिअर आणायला निघालाय, जास्तीत जास्त किती द्याल? मोठ्या हॉटेलातून आणणार असेल तर मधला आकडा आला २ डॉलर ६५ सेंट, छोट्या किराणा दुकानातून आणणार असेल तर दीड डॉलर. बाटली तीच, प्यायची जागा तीच. माणूस वस्तूची किंमत मोजतो, शिवाय व्यवहार रास्त आहे का तेही मोजतो. १९८६ मध्ये कानेमन, थेलर आणि जॅक नेत्श यांनी विचारलं, बर्फाचं वादळ झाल्यावर दुकानदारानं पंधरा डॉलरचं फावडं वीसला लावलं तर? ब्याऐंशी टक्के लोकांनी ते अन्यायाचं ठरवलं. बाजाराच्या नियमानं दुकानदाराचं बरोबर असेल. तरीही आपल्याला आतून काहीतरी टोचतं, आणि त्या टोचणीला मी दोष म्हणणार नाही. रविवारचं अर्धा किलो मटण ही इथल्या कष्टकरी घरातली ठरलेली गोष्ट आहे. ती हातातून निसटताना माणसं ओरडली तर ती बरोबरच ओरडली.

पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा एकदा म्हणाला होता, “आत्या, पगार होतो ते कळतं, संपतो कधी ते कळत नाही.” तो चांगला मुलगा आहे, उधळ्या अजिबात नाही. पण त्याचा सगळा पैसा एकाच फोनमध्ये आहे. भाडं, चहा, चप्पल, मित्राचा वाढदिवस, सगळं एकाच जागी, एकाच बोटानं जातं. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि आता भवानी मंडपापाशी गजरेवालीच्या टोपलीतही क्यूआरचा कागद खोचलेला असतो. पैसे गेले की शेजारचा डबा मोठ्यानं रक्कम सांगतो. तो आवाज घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही, हाताला काही लागत नाही, पाकीट हलकं होत नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावून घेतली. कार्डानं पैसे द्यायचे असं ज्यांना सांगितलं होतं त्यांची बोली रोखीवाल्यांच्या दुपटीच्या आसपास गेली. मामी बँकेतून नोटा काढून रुमालात का बांधते, याचं उत्तर मला त्या प्रयोगात सापडलं. तिनं पैसा मुद्दाम जड करून ठेवलाय.

आणि दुकानातल्या त्या पोराचं शून्य टक्के? व्याज नसलेलं कर्ज असं काही नसतंच, ते कुठंतरी किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. तरी दिवाळीत प्रत्येक काचेवर तो शून्य लावलेला असतो. त्याचं काम एकच, आजचा खर्च आज वाटू द्यायचा नाही. चार हजार तीनशेचा आकडा डोळ्यांपुढून नेऊन महिन्याला चारशेचा आकडा ठेवायचा. ज्यांचं उत्पन्न महिन्याला ठरलेलं नाही, पावसावर आणि म्हशीच्या भाकडकाळावर आहे, त्यांच्या गळ्यात हप्ता बांधणं मला क्रूर वाटतं. हे मी सौम्य शब्दांत सांगू शकत नाही.

इथपर्यंत माझी बाजू सरळ होती. मामीचं शहाणपण खरं, पुस्तकातला हिशेब अपुरा. थेलरनीही मान्य केलंय की ही मनातली खाती माणसाला स्वतःला आवर घालायला मदत करतात. मीही तिथंच थांबले असते. पण त्या संध्याकाळी स्टँडवर एसटीची वाट बघताना मामा पाणी आणायला गेला आणि मी मामीला विचारलं, तीनशे घेतले असतेस तर काय झालं असतं? तिनं पिशवीतली फराळाची पुडी नीट लावली. मग म्हणाली, “आज तीनशे घेतलं तर मिक्सर त्यांचा हुतोय. मग कूट जाड झालं तरी म्हणणार, चांगला घेऊन दिलाय की तुला. माजा मिक्सर माज्या दुधाचा असू दे.”

याला मी काय उत्तर देणार होते? ती भिंत तिनं स्वतःच्या रक्षणासाठी बांधली होती, आणि तिच्या आत ती राणी होती. पण भिंतीला दुसरी बाजूही असतेच. उसात भांगलण कोण करतं? मामीच करते. पाला काढताना हातांवर चिरा कुणाच्या पडतात? मी लहानपणी तिच्या हातांना रात्री खोबरेल लावून दिलंय, ते हात मला माहीत आहेत. मग उसाचे पैसे तिचे का नाहीत? चार हजार रुपये मजुरीत सहज गेले ते तिच्याही घामाचे होते, आणि तिच्या मनात त्यावर बोलायचा विचारही आला नाही, कारण ते खातं तिचं नव्हतं. व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरांचा अभ्यास करून दाखवलंय की बायकोच्या हातातल्या पैशाला नावच वेगळं असायचं, आणि त्या नावासोबत त्याची किंमतही लहान व्हायची. घरातला पैसा वाटला जातो तेव्हा घरातला शब्दही वाटला जातो. मानसशास्त्राच्या प्रयोगात एकटा माणूस असतो, त्याची खाती त्याच्या डोक्यात असतात. आपल्याकडं ती खाती घरभर पसरलेली असतात आणि कुठलं कुणाचं हे आधीच ठरलेलं असतं.

मामा वाईट माणूस नाही. नंतर एकदा फोनवर मी त्याला विचारलंच. “मामा, ऊस भांगलला कुणी?” “दोघांनी की,” तो म्हणाला. “मग बिल?” थोडा वेळ काही आवाज आला नाही. “बिल सभासदाच्या नावावर निघतंय गं. शेअर माज्या नावावर हाय, सातबारा माज्या नावावर हाय.” त्यात त्याचा उद्धटपणा नव्हता, तो मला फक्त व्यवस्था समजावून सांगत होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं एकेकाळी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा म्हणून. मामानं तेव्हा तरुणपणी सभा ऐकल्या असणार. मी त्याला ती आठवण करून दिली. “व्हय, हुतं तसलं कायतरी,” म्हणाला, आणि म्हशीच्या गाभणपणावर विषय नेला. मी तो विषय सोडलेला नाही, लग्न झालं की परत काढणार आहे.

आमच्या ऑफिसात दिवाळीचा बोनस मी काढते. कायद्यानं किमान ८.३३ टक्के द्यावा लागतो, म्हणजे बोनससाठी जो पगार धरतात त्याच्या बारा महिन्यांतला एक बारावा भाग, हिशेबानं तसला आणखी एक पगारच. पण तो पगार म्हणून आला तर घरात जातो आणि बोनस म्हणून आला तर मोबाइलच्या दुकानात जातो, हे मी दर वर्षी बघते. मागच्या वर्षी मोल्डिंगला काम करणारा एक जण आला आणि म्हणाला, मॅडम, माझा बोनस पगाराच्या खात्यात नको, बायकोचं आणि माझं जोडखातं आहे तिथं टाका, तिनंही वर्षभर डबा आणि शिवणकाम केलंय. मालकांना विचारलं, ते हो म्हणाले, अडचण काहीच नव्हती, फक्त एक अर्ज आणि चेकबुकाच्या पानाची झेरॉक्स. यंदा मी ते अर्ज आधीच छापून घेतलेत. बोनसच्या आठवड्यात प्रत्येकाला मीच विचारते, जोडखातं आहे का. नाही म्हणाला तर शेजारच्या बँकेत कुठल्या वाराला गर्दी कमी असते आणि दोघांचे कुठले कागद लागतात ते एका चिठ्ठीवर लिहून देते. काही जण चिठ्ठी घडी करून खिशात टाकतात आणि विसरतात. काही जण दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येतात आणि फॉर्म कुठं भरायचा ते विचारतात.